एक दाता इकडे की तिकडे

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत राहायचे म्हणजे जॅग्वार गाड्यांविषयी ऐकावेच लागते. मात्र शेजारच्या निवृत्त गृहस्थांच्या जॅग्वार ई-टाइप गाडीचे लाकडी स्टिअरिंग एके दिवशी माझ्याच सुतारकामाच्या मेजावर येऊन पडेल, असे वाटले नव्हते. त्यांच्या हाताला आता कंप असतो आणि मी हौशी सुतार, एवढाच आमचा करार. 1961 साली जिनिव्हात लोकांपुढे आलेली ही गाडी इथल्याच ब्राउन्स लेनच्या कारखान्यात तयार होत असे. 1971 मध्ये तिला बारा सिलिंडरचे इंजिन मिळाले आणि लाकडाच्या जागी चामड्याचे स्टिअरिंग आले. मला विचाराल तर त्या अदलाबदलीत नुकसानच झाले.

चाक काढताना मधली हॉर्नची गुंडी उचकटून आतला नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. नाहीतर वर्षानुवर्षे घट्ट बसलेले चाक हिसक्यासरशी सुटते आणि थेट तोंडावर आदळते. ही सूचना त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावून दिली, तेव्हा मी पुढे काही विचारले नाही.

सोळा इंच व्यासाचे ते कडे दिसते अखंड, पण ते पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेले असते. ऊन आणि दमट हवा यांनी वॉर्निशचे पोपडे निघाले होते आणि एका सांध्यात नख जाईल एवढी फट पडली होती. जुना सरस खरवडून मी फटीत इपॉक्सी भरले, शिकंजा आवळला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. खरा पेच पॉलिशपेपर हातात घेतल्यावर पडला. घड्याळात नऊ आणि तीन असतात त्या दोन जागी लाकूड काळपट, किंचित झिजलेले आणि लोण्यासारखे गुळगुळीत झाले होते. आमच्याकडे जात्याचा खुंटा बदलला, तेव्हा आजी महिनाभर 'हात बसत नाही' म्हणत दळत होती, ते आठवले आणि तेवढे दोन पट्टे मी जवळजवळ न घासता सोडले. बाकी कड्यावर वॉर्निशचे सहा हात दिले, प्रत्येक हातानंतर ओल्या बारीक कागदाने घासून.

चाक बसवल्यानंतर शेजारचे गृहस्थ गल्लीत एक फेरी मारून आले, इंजिन बंद केले आणि हात कड्यावरच ठेवून बसून राहिले. चाक ज्या दातेरी दांड्यावर बसते, त्यावर ते एक दाता उजवीकडे बसले आहे, म्हणाले. काढण्यापूर्वी दांड्यावर खडूची खूण करायची मी विसरलो होतो, हे तेव्हा लक्षात आले. सरळ रस्त्यावर अंगठे काळ्या पट्ट्यांवर न पडता शेजारच्या नव्या वॉर्निशवर पडत होते. मी पुन्हा गुंडी उचकटली.