सहा माणसांच्या घरातलं सामान गेलं कुठं?

वन्सं विचारतात, मी नोकरीला आहे त्या सोसायटीत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या बायका विचारतात, गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या वहिनींनी तर दुसऱ्याच भेटीत विचारलं: "घरात सहा माणसं, तुमची नोकरी, ह्यांची उद्यमबागेत कारखान्यातली शिफ्ट, दोन मुलं. तरी घर एवढं आवरलेलं कसं असतं हो?" हा झाला तोंडावर विचारायचा प्रश्न. ज्यांनी आमचं जुनं घर बघितलंय त्यांच्या डोळ्यांत दुसरा एक असतो, तो कुणी विचारत नाही. सासूचं एवढं सामान हिनं कुठं घालवलं?

पहिल्याला मी हसून काहीतरी सांगते आणि दुसरा कळलाच नाही असं दाखवते. आता एकदाच दोन्हींचं सांगून टाकते.

आवरण्याचं आधी सांगते, कारण त्यात फार काही नाही. आमचं घर घड्याळावर चालत नाही, नळावर चालतं. 2008 च्या सुमारास बेळगाव शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, आमच्याकडं अजून राकसकोप धरणाचं पाणी सुटायची वाट बघायची. सुटलं की पिंपं घासायची, धुणं काढायचं, न्हाणी, फरशी, सगळं त्याच दिवशी. मग तो दिवस नेमका माझ्या सोसायटीच्या ऑडिटचा असो की पोराच्या परीक्षेचा. मधल्या दिवसांत केर काढायचा आणि वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, बस्स. जून ते सप्टेंबर ओले कपडे सोप्यात दांडीवर पंख्याखाली लोंबत असतात, तेव्हा "घर कसं आवरता" हे कुणी विचारत नाही, हेही एक लक्षात आलंय माझ्या.

घर आवरलेलं दिसतं त्याचं खरं कारण, आवरायला घरात काही नाही. एक लोखंडी कपाट, एक मांडणी, दोन कॉट, सगळं जमिनीपासून वीतभर वर. माळा रिकामा. आणि ते रिकामं मी केलेलं नाही.

ऑगस्ट 2019 चं बेळगाववाल्यांना काय सांगायचं. बळ्ळारी नाला फुगला, शिवारं बुडाली, आमच्या परसापर्यंत पाणी आलं. दारातून येईल म्हणून आम्ही दाराला वाळूची पोती लावून बसलो, आणि रात्री ते न्हाणीच्या मोरीतून वर आलं. सोप्यात घोट्याएवढं, मागच्या खोल्या खोलगट म्हणून माजघरात गुडघ्याच्या वर. लाइट गेलेली. ह्यांनी मामंजींना पाठीवर घेतलं, मी पोरांना, आणि समोरच्या अक्कांच्या माडीवर गेलो. सासूबाई शेवटी आल्या, पोटाशी एक बोचकं धरून. घराचा उतारा, रेशन कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, सगळे कागद त्यांच्याच ताब्यात असायचे, त्यामुळं आम्ही निर्धास्त होतो. वर गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी गाठ सोडली. आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या. धुतलेल्या, चौकोनी घड्या घालून, एकावर एक रचलेल्या. कागदांचं बोचकं खाली राहिलं होतं.

कुणी काही बोललं नाही. मामंजी थोड्या वेळानं म्हणाले, "असू दे की." सासूबाईंनी गाठ परत बांधली आणि सकाळपर्यंत ते बोचकं मांडीवर घेऊन बसल्या.

पाणी ओसरल्यावर घरात पाय ठेवला तर चिखल आणि तो वास. प्लायवूडचं कपाट फुगून दार उघडेना. वाकळांची चळत आडवी झालेली. सासूबाईंच्या हातच्या वाकळा, जुन्या इरकली लुगड्यांच्या, कुठली कुणाच्या बारशाला शिवली ते त्यांना पाठ. भिजलेली वाकळ दोघींनाही उचलत नव्हती. मी एक कशीबशी परसाच्या भिंतीवर टाकली, तिच्यातून काळं पाणी गळत राहिलं. पाऊस थांबेना. मला वाटत होतं दोन दिवस ऊन पडलं तर निघतील. निपाणीहून माझा दादा टेम्पो घेऊन येणार होता, बरंचसं तिकडं नेऊन वाळवता आलं असतं. पण यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ताच बंद झाला. तो आला असता तर काय काय वाचलं असतं, हा हिशेब मी अजून मांडते. सोसायटीत असले हिशेब करू देत नाहीत.

तेवढ्यात कोपऱ्यावर भिजलेलं सामान न्यायला ट्रॅक्टर आला. सासूबाई म्हणाल्या, "टाक." मला वाटलं चटया, फुटकी बालदी. तर त्यांनी स्वतः वाकळा ओढत आणल्या. मी म्हटलं, आई, थांबूया की. "वास जात न्हाई त्याचा." वाकळा गेल्या, पेट्या गेल्या. मग त्या म्हणाल्या, "माळ्यावरचं बी काढ."

माळा कोरडा होता. वर माझं रुखवत होतं, बी.कॉम.च्या वह्या होत्या, लेकीचा आणि नंतर लेकाचाही झालेला लाकडी पाळणा होता. मी म्हटलं, त्याला पाणी लागलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आज लागलं न्हाई."

मग मी ओरडले. आवाज चढवून, गल्लीत, ट्रॅक्टरजवळ उभी राहून. पाळण्याचा एक पाय माझ्या हातात, दुसरा त्यांच्या. गल्लीला दिसलं ते एवढंच: सून ओरडतेय आणि सासू बिचारी खाली मान घालून एकेक वस्तू वर देतेय. मी "टाकू नका" म्हणून ओरडत होते हे इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? पाळणा गेला. तांब्याचा हंडा आणि घागरी त्यांनी नंतर मोडीत घातल्या, आलेल्या पैशातून जमिनीपासून उंच अशी ही लोखंडी मांडणी आणली. बघायला येणारे हिचंच कौतुक करतात.

सरकारनं 10,000 रुपयांची मदत जाहीर केली होती. अर्जासोबत गेलेल्या सामानाची यादी लागेल असं कुणीतरी सांगितलं. लेकीला शाळेमुळं कन्नड येतं, ती लिहायला बसली. सासूबाई भिंतीला टेकून सांगत गेल्या. एक वस्तू विसरल्या नाहीत. माझ्या वह्यासुद्धा सांगितल्या. पानाची दोन्ही अंगं भरली.

2 सप्टेंबरला गणपती. रिकाम्या सोप्यात पाटावर मूर्ती, आरास नाही. दर्शनाला आलेले म्हणाले, "किती मोकळं वाटतंय! छान केलंस." आणि मी म्हटलं, "हो, ठरवलंच होतं. कमी सामान, कमी काम." पुढं हळदीकुंकवालाही मी हेच ऐकवत असे, वर दुसऱ्यांच्या माळ्यांवर बोलत असे. त्या बाईला आता विचारावंसं वाटतं, तू कधी ठरवलंस गं? पाळण्याला लोंबकळत होतीस की.

पण तिचंही पूर्ण खोटं नव्हतं. काम कमी झालं, हे मी नाकारणार नाही. पूर्वी दिवाळीची साफसफाई म्हणजे कंबरडं मोडायचं, आता एका रविवारी उरकते. सहाच्या बसला निघणारी लेक आणि नाइट शिफ्टहून येणारे हे एकमेकांच्या पायात येत नाहीत. मला मोकळ्या फरशीवरून चालताना बरं वाटतं. आणि बरं वाटलं की राग येतो, तो कुणावर ते नीट सांगता येत नाही.

शिवाय एक कुणी विचारत नाही. पाहुणे मुक्कामाला आले की अंथरुणं अक्कांकडून येतात. मोठं पातेलं त्यांचंच. पुरणयंत्रही त्यांचंच. आमचं घर मोकळं आहे कारण अक्कांचं भरलेलं आहे, आणि त्यांना "घर एवढं पसरलेलं का" म्हणून तुम्हीच नावं ठेवता. माझंही तेच. सोसायटीतल्या माझ्या टेबलाचा खालचा खण उघडून बघा: पोरांची चित्रं, लग्नपत्रिका, तुटक्या बांगड्या, रिबिनी. घरी नेलं तर काय होईल माहीत नाही म्हणून तिथंच.

सासूबाईंनी असं का केलं? त्या पिशव्यांमुळं, असं मला वाटतं. ह्यांना वाटतं, तुझी दगदग बघून केलं असेल. मामंजींना विचारलं तर रेडिओचा आवाज वाढवतात. यंदा लेक पी.यू.सी.नंतर, म्हणजे बारावीनंतर, धारवाडला हॉस्टेलला जाणार म्हणून सासूबाईंनी जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला घेतलीय. कुठून काढली, हा आणखी एक प्रश्न, कारण ह्या घरात लुगडी शिल्लक होती हे मला ठाऊक नव्हतं.

तर वन्सं, सून सासूचं घर धुऊन बसली असं जे म्हणता, ते पुढच्या वेळी मला नका विचारू. आई सोप्यातच बसलेल्या असतात, त्यांना विचारा. मी विचारलं होतं. म्हणाल्या, "भाजी लागलीया बघ खाली."