डोळ्यांखालच्या पिशव्या आणि दोन स्टिकर

दोन स्टिकर मिळवायला मला ४७ दिवस लागले. ३ जून ते २० जुलै. एसटीच्या तिकिटावर मावतील एवढीशी स्टिकरं, त्यावर माझ्या डोळ्यांखाली टोचलेल्या द्रव्याचं नाव आणि लॉट नंबर, म्हणजे ते कुठल्या खेपेतलं त्याचा क्रमांक. मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात २९ वर्षं काढलीत, लोकांना 'कागद आणा' म्हणत आले. तो कागद मागायची पाळी माझ्यावर आली तेव्हा कळलं काय असतं ते.

पिशव्या आमच्या माहेरच्या. आईला होत्या, मावशीला आहेत, थोरल्या आक्काला आहेत. मला पंचेचाळिशीत दिसायला लागल्या आणि बावन्नाव्या वर्षी ऑफिसात रोज कोणीतरी विचारायचं, "मॅडम, झोप झाली नाही का?" रात्री दहाला झोपणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटतं ते दुसऱ्या पिशवीवालीलाच कळेल. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या करून घेतल्या, कारण तिथे बिघाड असला तरी डोळ्यांखाली सूज येते. सगळं व्यवस्थित निघालं. "वय झालं, दुसरं काय," म्हणाले. त्यांचं वय अडुसष्ट.

पुतणीचं लग्न डिसेंबरात होतं. नोव्हेंबरात मी पुण्याच्या एका क्लिनिकात गेले. (लग्नाच्या तारखेवरून असला निर्णय घेऊ नका. ही पहिली चूक, बाकीच्या तिच्या पोटी आल्या.) पांढरा कोट घातलेली एक मुलगी बोलत होती, ती डॉक्टर नव्हती, समुपदेशक होती, हे बिल भरल्यावर समजलं. "ऑपरेशन कशाला मॅम, वीस मिनिटांत फिलर. त्वचेखाली जेल टोचून खळगा भरायचा. जेवणाच्या सुट्टीत येऊन जातात लोक." साताऱ्याहून पुण्याला जेवणाच्या सुट्टीत येणारे कोण ते मी विचारलं नाही. डॉक्टरबाई आल्या, भूल देणारं मलम चोळलं, दोन्हीकडे टोचलं, झालं. २८ हजार, त्यात अठरा टक्के जीएसटी. आजारावरच्या उपचारांना जीएसटी नसतो, रूप सुधारायच्या कामाला असतो. आणि मेडिक्लेमच्या पॉलिसीत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेलीच असते, तेव्हा तिकडेही डोळे लावून बसू नका.

लग्नातले फोटो सुंदर आले. हे मान्य केलं पाहिजे.

मग एप्रिल-मेपासून सकाळी उठलं की डोळ्यांखाली फुगवटा दिसायला लागला, आणि उजेडात त्यावर निळसर झाक. दुपारपर्यंत थोडा उतरायचा. मला वाटलं मीठ जास्त होतंय, पंधरा दिवस लोणचं बंद केलं. यांनी तेवढ्यात बरणी संपवली.

३ जूनला मी दुसऱ्या एका बाईंकडे गेले. त्या नेत्रतज्ज्ञच, पण पापण्या आणि डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रियांचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. तिथे पहिली पंधरा मिनिटं त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वर बघा म्हणाल्या: पिशवी जास्त फुगली. म्हणजे आतली चरबी. डोळ्याच्या गोळ्याला गादीसारखी चरबी असते, तिला धरून ठेवणारा पडदा वयानं सैल पडतो आणि ती पुढे येते. मग टॉर्च अगदी समोरून मारला: अर्धा काळेपणा गायब. म्हणजे तो रंग नव्हता, पिशवीची सावली होती. मग त्वचा हलकेच बाजूला ताणली आणि उरलेला काळेपणा बघितला. तो खरा रंग, तो कुठल्याच ऑपरेशननं जाणार नाही, हे तेव्हाच सांगितलं. शेवटी खालची पापणी ओढून सोडली, पटकन जागेवर येते का बघायला. सैल पापणीवर ऑपरेशन केलं तर ती खाली ओढली जाऊन डोळा उघडा राहू शकतो, म्हणून.

हे सगळं नोव्हेंबरात कोणी केलं असतं तर फिलर टोचलंच नसतं. फिलर खळग्यासाठी असतं. माझ्याकडे पिशवी मोठी, खळगा तिच्या पायथ्याशी. उंचवटा झाकायला बाजूचा खड्डा भरायचा असा तो प्रकार, आणि त्या मालाला पाणी धरायची सवय. म्हणून सकाळची सूज.

"आधी जुनं फिलर विरघळवू, मग बघू," बाई म्हणाल्या. "पण टोचलंय काय?"

मी म्हणाले, फिलर.

"हो, पण कुठलं?"

प्रश्न साधा होता. हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर ते विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. दुसऱ्या कुठल्या पदार्थाचं असेल तर त्या इंजेक्शनचा उपयोग नाही, मार्गच बदलतो. "बॉक्समध्ये लॉट नंबरची स्टिकरं येतात. एक तुमच्या फाईलवर लावायचं असतं. तेवढं घेऊन या." मी म्हणाले, परवा आणते.

परवा!

पहिला फोन: मॅडम कॉन्फरन्सला गेल्यात. दुसरा: सिस्टिम बदलली, जुना डेटा चढवायचं काम चालू आहे. तिसरा: तुमची फाईल दुसऱ्या शाखेत आहे. चौथा कोणी उचललाच नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा आणि शांतता. १२ जूनला उत्तर आलं, 'अंडरआय रिजुव्हिनेशन, १ सेशन'. बिलावरही तेवढंच होतं. म्हणजे माझ्या चेहऱ्यात काय घातलं याच्या नोंदीपेक्षा आमच्याकडच्या झाडू खरेदीची नोंद बरी. तिथे निदान किती नग, कुठल्या दुकानातून, हे तरी असतं.

मग स्वतः गेले. सातारा-स्वारगेट विनाथांबा, खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरच्या टोलवर रांग, साडेतीन तास. नेमक्या पालख्या पुण्यात मुक्कामाला, रस्ते बंद, क्लिनिकला पोचले तेव्हा "मॅडम आत्ताच गेल्या". पुढच्या आठवड्यात परत. यावेळी रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅम, फाईलची कॉपी द्यायची पॉलिसी नाहीये. पण सूज आली असेल तर आम्ही एक टच-अप सेशन फ्री देतो ना!" म्हणजे ज्यानं सूज आली तेच आणखी थोडं. मी तिला म्हणाले, बाळा, मला फुकट काही नको, माझं आहे ते दे. ती बिचारी बावीस-तेवीस वर्षांची, तिच्या हातात काही नव्हतं. माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पेन्शनरांना मीही असंच 'साहेब आले की बघू' म्हणत असे, हे मला तिथे त्या गुबगुबीत सोफ्यावर बसून आठवलं आणि बरं वाटलं नाही.

रस्ता दाखवला आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं, त्याचा भाऊ वकिलीत आहे. डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम आहेत, २००२ चे, तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं केलेले. रुग्णानं स्वतःची कागदपत्रं मागितली तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. दाखल केलेल्या रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या हेही. 'पॉलिसी नाहीये' म्हणायला त्यात जागाच नाही. मी पाच आठवडे विनंत्या करत होते!

आता अडचण एकच, पत्र लिहायचं कोणाला? क्लिनिकला लिहून ते दुसऱ्या शाखेत जाणार. मला डॉक्टरबाईंचं पूर्ण नावसुद्धा नीट माहीत नव्हतं. बिलावर फक्त क्लिनिकचं नाव. मग कपाटातून नोव्हेंबरातली थैली काढली. त्यात नंतर लावायच्या मलमाची चिठ्ठी सापडली, आणि चिठ्ठीवर सहीखाली नोंदणी क्रमांक. औषधाच्या चिठ्ठीवर तो घालावाच लागतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव आणि क्रमांक जुळतायत का तेही बघून घेतलं. म्हणून सांगते, असल्या क्लिनिकातली चिठ्ठी कधी टाकू नका, मलम संपलं तरी.

अर्ज मात्र मी लिहिला तो आमच्या पद्धतीनं. विषय, संदर्भ, दिनांक, मुद्देसूद. एक, वापरलेल्या द्रव्याचं नाव व उत्पादक. दोन, लॉट क्रमांक. तीन, प्रत्येक बाजूला टोचलेलं प्रमाण. चार, संमतिपत्राची प्रत. पाच, आधीचे-नंतरचे फोटो. खाली नियमाचा उल्लेख आणि 'प्रत माहितीसाठी' म्हणून वैद्यकीय परिषद. प्रत खरंच पाठवली नाही, पण त्या एका ओळीचं वजन मला चांगलं माहीत आहे, ती वाचून आम्ही स्वतः किती वेळा फाईल हलवलीय. १४ जुलैला स्पीड पोस्टानं टाकला, १५ ला पोचल्याची नोंद दिसली. १८ ला फोन. मॅडमनी स्वतः केला. आवाज मऊ. "तुम्ही आधी सांगायचं ना!"

२० जुलैला फाईलची झेरॉक्स हातात आली. पहिल्याच पानावर, उजव्या कोपऱ्यात, दोन स्टिकर. नोव्हेंबरात ज्या नर्सनं टोचणीच्या वेळी ट्रे धरला होता तिनंच चिकटवली असणार, सरळ रेषेत. फाईल त्याच शाखेत होती. हायल्युरॉनिक ॲसिडच होतं, एकूण एक मिलिलिटर. मी तिथेच जिन्यात बसले, रडू आलं, आणि रडल्यावर डोळ्यांखालचं अजून सुजलं.

पुढचं पटापट झालं. विरघळवायच्या इंजेक्शनाआधी हातावर थोडंसं टोचून चाचणी घेतली. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी मोठी ॲलर्जी झाली असेल तर हे आधी सांगायचं असतं. चुरचुरतं, पण सहन होतं. दोन बैठका लागल्या. ऑगस्टअखेर माझ्या माहेरच्या अस्सल पिशव्या परत जागेवर, आणि गंमत म्हणजे त्या बघून मला हायसं वाटलं.

आता खरा निर्णय. बाईंनी घाई केली नाही. काहीच करायचं नाही हाही एक पर्याय आहे, हे दोनदा म्हणाल्या. नुसती मलमं लावली तर? त्वचा थोडी सुधारेल, चरबी मागे जाणार नाही. लेझर? बारीक सुरकुत्यांना बरा, पण आपल्या सावळ्या वर्णाला नंतर डाग पडायची भीती असते. उरलं ऑपरेशन: खालच्या पापणीच्या आतून छेद, बाहेर टाका नाही, थोडी चरबी काढायची आणि थोडी खालच्या खळग्यात पसरायची. त्वचा फारच लोंबत असती तर पापणीच्या केसांलगत बाहेरून छेद घ्यावा लागला असता. माझं आतून भागणार होतं.

आक्कानं नाक मुरडलं. "या वयात कुणाला दाखवायचंय?" मी म्हणाले, आरशाला.

आधी डोळे कोरडे आहेत का याची चाचणी केली, पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारं काहीही, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, सगळं सांगायचं. मी ई च्या गोळ्या केसांसाठी घेत होते आणि ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. आणि रक्तपातळाची गोळी हृदयासाठी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. गुंगीचं औषध, सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, इतकं नीट झालं. एकच गोष्ट बाईंनी लिहून दिली आणि यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली: पहिल्या रात्री अचानक जोराची कळ आली, डोळा पुढे आल्यासारखा झाला, किंवा दिसणं अंधुक झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी निघायचं. मागे रक्त साठलं तर नजर जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण त्यासाठीच आम्ही ती रात्र पुण्यात नणंदेकडे काढली. साताऱ्याहून असाल तर तसंच करा.

नंतर दोन उशा, बर्फ, वाकायचं नाही. निळं-जांभळं गालापर्यंत उतरलं, मग पिवळं पडलं, पंधराव्या दिवशी पावडरीखाली झाकण्याइतकं. दिवाळीचा फराळ यांनी आणला, घरची चकली नाही झाली त्या वर्षी.

रजेच्या अर्जावर कारण 'वैयक्तिक' लिहिलं. आमच्या क्लार्कनं विचारलं, "मॅडम, वैयक्तिक म्हणजे?" मी नुसतं बघितलं. पिशव्या नसल्या की बघण्याला जोर येतो.

पैसे ९५ हजार अधिक जीएसटी. त्यात आधीचे २८ हजार, विरघळवण्याचा खर्च आणि एसटीच्या फेऱ्या मिळवा, म्हणजे माझ्या 'बिनाऑपरेशन' निर्णयाची किंमत कळेल. पण फिलर वाईट असं मी म्हणणार नाही. धाकट्या जावेला पिशवी नाहीच, नुसता खळगा आहे, तिला याच बाईंनी फिलर दिलं आणि छान बसलंय. पुतणीला तर दोन्ही नकोत, तिला धुळीची ॲलर्जी आहे, ती डोळे चोळते. चोळणं थांबलं आणि सनस्क्रीन लावलं तर तिचा काळेपणा कमी होईल असं बाईंचं मत. स्वतःचं बघायचं असेल तर आरसा खिडकीसमोर धरा, सकाळी आणि संध्याकाळी एकाच जागी फोटो काढा. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी असेल तर ती सूज. दिवसभर तेवढीच राहिली तर बहुधा चरबी.

जावेनं फिलर घेतलं त्या दिवशी मी बरोबर गेले होते. टोचून झाल्यावर मी काही बोलायच्या आत बाईंनी एक जास्तीचं स्टिकर तिच्या चिठ्ठीवर चिकटवून दिलं. जाऊ म्हणाली, हे कशाला? मी ते पर्समध्ये टाकून घरी आणलं आणि तिच्या पॅनकार्डाच्या पाकिटात ठेवलं.

अर्जाचा मसुदा माझ्याकडे टाईप केलेला आहे. नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक तेवढा बदलायचा. ऑफिसातल्या दोघींनी आधीच नेलाय, एकीनं दातांच्या कामासाठी.