सोडायचेच तर पकडता कशाला?

खेकडे पकडून आम्ही परत सोडतो, ते कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गावात हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच, "सोडूनच द्याचं हाये, तं पकडता कायले?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा रात्रीच्या रश्श्याची पिशवी वळवळत असते, म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. मुंबईच्या पाहुण्यांना वेगळंच नवल वाटतं. खेकडे धरायचे ते समुद्रावर, विदर्भात कुठून?

समुद्र बघायचा तर आम्हाला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. पण भंडारा-गोंदियाकडे तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, नाले कमी आहेत का? धानाची रोवणी आटोपली की आम्ही घरची पोरं घेऊन नाल्यावर जातो. सुतळीच्या टोकाला कोंबडीच्या आतड्याचा तुकडा बांधायचा, गळ नको. खेकडा नांगीनं धरतो आणि हावरटपणापायी सोडत नाही. सावकाश उचलला की थेट बादलीत. बिळात मात्र हात घालू द्यायचा नाही, आत सापही असतो. बादलीत नाल्याचंच पाणी, थोडंसं, आणि बादली सावलीत. दोन-तीनच ठेवायचे, गर्दी झाली की एकमेकांचे पाय तोडतात. पाठीमागून, कवचाच्या दोन्ही कडांना धरायचा. पाय धरून ओढला तर पाय तुमच्या हातात ठेवून तो पसार होतो. कात टाकली की नवा फुटतो, पण आधी लहानच.

मग उलटा करून बघायचा. पोटाखालची पट्टी रुंद असली तर मादी, निमुळती असली तर नर. कधी एखाद्या मादीच्या पट्टीखाली इवली इवली पिल्लं दाटीनं बसलेली दिसतात. पकडतो ते एवढ्यासाठी, आणि सोडतोही त्यांच्यामुळेच. समुद्रातल्या खेकड्याच्या अंड्यांतून अळ्या निघतात. त्या खेकड्यासारख्या दिसतही नाहीत, प्रवाहाबरोबर दूर जातात. त्यामुळे एका किनाऱ्यावरचे खेकडे कमी झाले तरी दुसरीकडून भर पडू शकते. आमच्या नाल्यातल्याला ती सोय नाही. अंड्यातून थेट छोटा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईलाच चिकटून राहतो. ती मादी पिशवीत गेली की सगळं बिऱ्हाडच गेलं. म्हणून जिथून उचलला तिथेच सोडायचा, दुसऱ्या बोडीत नाही.

धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आम्ही हा खेळ करत नाही. खेकड्याच्या बिळांतून बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी गळतं, आणि तिथं खेकडा परत सोडताना शेतमालकानं पाहिलं तर तो आम्हालाच बादलीत घालेल. त्याचं चूक नाही.

खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही, रस्सा मलाही आवडतो. फक्त निखाऱ्यावर अर्धाकच्चा भाजून पोरांना देऊ नका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुफ्फुसात जाऊन बसणारा कृमी असू शकतो. रस्सा चांगला रटरटू द्या, आणि पिल्लंवाली तेवढी वगळा.