विमानतळावरून थेट क्रॉफर्ड मार्केट : मुंबईच्या जुन्या बाजारपेठेतले दोन दिवस

भाचीच्या लग्नाची कापडखरेदी मुंबईतच करायची असा ताईचा आग्रह होता, म्हणून यंदाच्या जानेवारीत आम्ही दोघी बहिणी नागपूरहून दोन दिवसांसाठी मुंबईला गेलो. जाताना मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळावर टर्मिनल २ ला उतरलो आणि परतीचे विमान नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून होते. त्यामुळे जुन्या बाजारपेठेत पोहोचण्याचा आणि तिथून निघण्याचा असे दोन वेगवेगळे मार्ग एकाच प्रवासात अनुभवता आले.

काही वर्षांपूर्वी सहारच्या विमानतळावरून टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केटला जाताना आमचे दोन तास रस्त्यातच गेले होते आणि पोहोचेपर्यंत बाजार गर्दीने भरून गेला होता. आता तसे करण्याचे कारण उरलेले नाही. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यासाठी तिच्यावर स्वतंत्र स्थानके आहेत. संपूर्ण मार्गाचे भाडेच ७० रुपये असल्याने मधल्या प्रवासाला त्याहून कमी पैसे लागतात. आम्ही टर्मिनल २ च्या स्थानकावरून बसलो आणि पाऊण तासाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (सीएसएमटी) मेट्रो स्थानकावर उतरलो. जमिनीखाली मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते, म्हणून मोबाइलवर तिकीट काढायचे असेल तर ते वर असतानाच काढून ठेवावे. सामान यंत्रातून तपासले जाते, हेही लक्षात घेऊन थोडा वेळ हाताशी असू द्यावा. रात्री साडेदहानंतर उतरणाऱ्यांना मात्र टॅक्सीवाचून पर्याय नाही. रिक्षा दक्षिण मुंबईत येत नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसते आणि ऐन वेळी त्याची अडचण होते.

ज्यांना मुख्यतः भुलेश्वर आणि मुंबादेवीकडे जायचे आहे, त्यांनी एक स्थानक आधी, काळबादेवीला उतरावे. आम्ही सीएसएमटी निवडले, कारण तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने उत्तरेकडे चालत जाणे हाच या बाजारात शिरण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे असे मला मनापासून वाटते. दहा-बारा मिनिटांच्या या वाटेवर डाव्या हाताला जे. जे. कला महाविद्यालयाचे आवार लागते. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे ज्यांच्या हातची आहेत, ते लॉकवुड किपलिंग याच संस्थेत शिकवत असत. शेतात राबणारी माणसे त्यांनी त्या दगडात कोरली आहेत. खाली हजारो लोक पिशव्या सावरत आत-बाहेर करतात आणि मान वर करून त्या शिल्पांकडे क्वचितच कोणी पाहते. तिथे पाच मिनिटे अवश्य थांबावे.

विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली आणि मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. आज तिचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. पुण्याच्या मंडईलाही फुल्यांचेच नाव आहे, त्यामुळे पत्ता सांगताना घोळ होऊ नये म्हणून टॅक्सीवाल्याला ‘क्रॉफर्ड मार्केट’ असेच सांगावे. आत शिरल्यावर उंच छताखाली फळांचे गाळे लागतात. शहराचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये वाशीला हलवला गेला, तरी किरकोळ विक्रीची रया इथे टिकून आहे. हापूसच्या हंगामात जाणाऱ्यांनी पेटी घेताना वरचा थर पाहून समाधान मानू नये. गवत बाजूला करून खालचा थर पाहायला मागावा. चांगला विक्रेता त्याला हरकत घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याकडून पेटी न घेतलेलीच बरी. इमर्सन आणि किपलिंग यांनी घडवलेले कारंजेही आवारातच आहे. ते शोधावे लागते, पण शोधण्याजोगे आहे.

आमचे मुख्य काम मंगळदास मार्केटमध्ये होते. क्रॉफर्ड मार्केटसमोरून शेख मेमन स्ट्रीटमध्ये शिरले की काही पावलांवर हा छपराखालचा कापडबाजार लागतो. आतल्या गल्ल्या अरुंद आणि एकसारख्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या थप्प्या छताला भिडलेल्या असतात. म्हणून एखाद्या दुकानातले कापड पसंत पडले तर ‘नंतर परत येऊ’ असे म्हणून निघण्यापूर्वी गल्लीचा आणि गाळ्याचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा. ताईने पहिल्या दिवशी पाहिलेले मोतिया रंगाचे रेशीम आम्हाला दुसऱ्या दिवशी केवळ त्या टिपणामुळे सापडले. ब्लाउजपीस, अस्तर, लेस अशा वस्तूंचे नमुने घरून कापून न्यावेत, कारण दिव्याच्या उजेडात रंग फसवतो. शक्य असेल तिथे कापड दारापाशी आणून दिवसाच्या उजेडात पाहू द्या, अशी विनंती करावी. आम्ही ज्या तीन-चार ठिकाणी ती केली, तिथे ती आनंदाने मान्य झाली. भाव करावा, पण वेळ पाहून करावा. सकाळी अकराच्या सुमारास दुकानदाराला बोलायला सवड असते, आणि दुपारी चारनंतर ती नसते. रविवारी हा बाजार बंद असतो, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी वार पाहून घ्यावा.

शेख मेमन स्ट्रीटनेच पुढे गेले की जामा मशीद, झवेरी बाजार आणि शेवटी मुंबादेवीचे देऊळ अशी वाट आहे. मशिदीचे बांधकाम १८०२ मध्ये पूर्ण झाले आणि ती एका जुन्या तलावावर उभी आहे. या पट्ट्यात हमाल डोक्यावर गठ्ठे घेऊन आणि हातगाड्या ढकलत सतत चालत असतात. त्यांच्या हाकेला लगेच बाजूला व्हावे, कारण भरलेली हातगाडी एकदा थांबली की पुन्हा हलवणे किती जड जाते, हे शेजारी उभे राहून पाहिल्यावरच कळते. चाकांची मोठी बॅग घेऊन या गल्ल्यांत शिरू नये. सामान आधी मुक्कामी ठेवावे आणि खांद्याला लावण्याच्या कापडी पिशव्या जवळ बाळगाव्यात.

बाजाराच्या पूर्वेला हार्बर आणि मध्य रेल्वेचे मस्जिद स्थानक आहे. अंधेरी, विलेपार्ले, बेलापूर किंवा पनवेलहून येणाऱ्या हार्बरच्या सीएसएमटी लोकलने इथे थेट उतरता येते. हे नाव जामा मशिदीवरून पडले असावे असा आमचाही समज होता. प्रत्यक्षात ते बेने इस्रायली समाजाच्या प्रार्थनास्थळावरून आले आहे, ज्याला लोक जुनी मशीद म्हणत. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये स्थापन केलेले हे सिनेगॉग जवळच आहे, आणि लगतच्या सॅम्युअल स्ट्रीटला त्यांचेच नाव आहे. मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची ही खूण इतक्या गजबजाटात आजही उभी आहे, याचे आम्हा दोघींना फार अप्रूप वाटले.

परतीला नवी मुंबई विमानतळासाठी आम्ही मस्जिदजवळून टॅक्सी केली. पी. डिमेलो मार्गावरच्या ऑरेंज गेटपासून पूर्व मुक्त मार्ग सुरू होतो, तो शिवडीला अटल सेतूला मिळतो आणि सेतूवरून उलव्याच्या बाजूला उतरता येते. दुपारच्या वेळी आम्ही तासाभरात पोहोचलो. अटल सेतूवर मोटारीला टोल लागतो आणि तो भाड्यात धरला आहे की वेगळा, हे गाडीत बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. हार्बर लोकलने बेलापूरपर्यंत जाऊन पुढे दुसरे वाहन करणे बरेच स्वस्त पडते, पण हातात कापडाचे गठ्ठे असतील तर मी ते सुचवणार नाही. विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारण १५ किलोंचे सामान चालते आणि रेशमाखेरीजचे कापड अंदाजापेक्षा जड भरते. आमच्या चादरी आणि अस्तराचे कापड दुकानदारानेच शिवून बांधून ट्रान्सपोर्टने नागपूरला पाठवले आणि ते पाचव्या दिवशी घरी पोहोचले.