बियाण्याचा नारळ वरून उतरवताना

आमच्या पेडण्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, आजोबांच्या वेळचे काही बाणावली माड आहेत. बाणावली म्हणजे गोव्याची आपली उंच जात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याच जातीतून निवड करून १९८७ साली 'प्रताप' हे वाण आणलं. आमच्यातला विहिरीकडचा माड दरवर्षी न चुकता भरतो. छत्रीसारखा गोल शेंडा, आखूड जाड देठांची झावळं, घोसांना खालून भक्कम आधार. रोपं करायची तर याच्याच नारळाची, हे माझं ठरलेलं होतं.

अडचण होती पाडणीची. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर जातो, कोयता मारतो आणि नारळ धडाधड खाली येतात. खायच्या नारळाला ते चालतं. बियाण्याचा नारळ उंचावरून कडक जमिनीवर आपटला तर करवंटीला तडा जातो, आतला कोंब दुखावतो. म्हणजे घोस दोरीला बांधून सावकाश उतरवायचा. त्यासाठी वर बराच वेळ थांबावं लागतं, आणि आमच्या पाडेली काकांचे गुडघे आता तेवढा वेळ साथ देत नाहीत. मग मीच शिकायचं ठरवलं. आई म्हणाली, "या वयात माडावर चढणार? लोक काय म्हणतील?" लोक खाली असणार होते, त्यामुळे फारसा प्रश्न नव्हता.

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायकाही शिकतात. तसंच प्रशिक्षण मी घेतलं. माडावर चढायचं मशीन चेंबेरी पद्धतीचं, केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेलं. दोन सुटे भाग, एक डाव्या पायाचा, एक उजव्या. प्रत्येकाला तारेचा फास, पाय ठेवायला जागा आणि हाताने धरायला दांडा. पायावर वजन टाकलं की फास खोडाला आवळतो. वजन काढून दांडा वर ओढला की सैल होऊन सरकतो. डावा, उजवा, डावा, उजवा. हे जमायला वेळ लागत नाही. म्हणूनच सर पहिल्यापासून बजावत होते, "मशीन तुम्हाला चढवतं. पडताना धरत नाही." धरायला अंगभर पट्टा वेगळा लागतो, खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येणारा. नुसता कमरेचा पट्टा बांधून लटकलात तर सगळा भार पोटावर आणि कण्यावर येतो.

घरच्या माडावर चढायच्या आधी तळाशी बराच वेळ गेला. खोडावर कोयत्याची मूठ ठोकत फिरले, पोकळ आवाज येतो का ते ऐकत. तांबूस रस गळत असेल, शेंड्याचा कोवळा सुळका वाळलेला असेल, वीजतार जवळून जात असेल, तर त्या माडाचा नाद सोडायचा. तारेच्या फासाचा एकेक पदर बोटाने चाचपायचा, एक जरी तुटलेला लागला तरी ती तार बाद. बुंधा खाली फुगीर असतो. तिथे घट्ट बसवलेला फास वर सैल पडतो, म्हणून फुगवट्याच्या वर बसवायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरच त्याच्यावर उभं राहून झोके देऊन बघायचं. आमच्या माडाला चढताना पाय ठेवायला आजोबांच्या काळात पाडलेल्या खाचा आहेत. माडाची जखम आंब्या-फणसासारखी भरून येत नाही, खाच जन्मभर राहते, त्यात पाणी साचून खोड कुजतं. शिवाय फास खाचेच्या कडेवर आला की नीट बसत नाही, तो अर्धा वीत वर नाही तर खाली घ्यावा लागतो.

खरं काम शेंड्याखाली सुरू होतं. चढताना पट्ट्याची एक दोरी खोडाभोवती असतेच. वर पोचल्यावर दुसरी टाकायची, मगच पहिलीला हात लावायचा. दोन्ही खोडालाच. काका खालून ओरडले, "बाय, चुडताक धरू नाका, चुडत फटयता!" म्हणजे झावळाला धरू नको, झावळ फसवतं. हिरवंगार दिसणारं झावळही बेचक्यात कुजलेलं असू शकतं. आधी हुमले, म्हणजे चावरे तांबडे मुंगळे, आहेत का बघितलं, गांधीलमाशीचं घर बघितलं, वाळकी झावळं काढली. आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे स्वतःच्याच हातातला कोयता. घोस कापताना तोच जिवाची दोरी कापू शकतो. त्यासाठी खोडाभोवतीची दोरी आत पोलादी तार असलेली घेतली होती, कोयताही वेगळ्या दोरीने बांधून कमरेला अडकवलेला.

बियाण्याला अकरा-बारा महिन्यांचा पक्व घोस लागतो. पण पक्व नारळ देठापासून सहज सुटतो, त्यामुळे नुसता घोस बांधून भागत नाही. आधी घोसाला जाळी घातली. मग दोरी बांधून एका भक्कम हिरव्या झावळाच्या बुडावरून टाकली. घोसाचं वजन ते झेलतं, माझं वजन त्याच्यावर कधीच नाही. खाली भावाने दोरीला शेजारच्या माडाचा वेढा दिला आणि तो बाजूला उभा राहिला, डोक्यावर हेल्मेट. मी देठ कापला. जाळी एक हिसका देऊन थांबली आणि भाऊ वेढा ढिला करत गेला तशी सावकाश खाली गेली. एवढ्या वेळात दोन्ही हात मोकळे, पाय मशीनवर, पाठ पट्ट्यावर रेललेली. पाडेलीच्या पद्धतीत हे जमलं नसतं, त्यात एक हात कायम माडाला दिलेला.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. पट्ट्यात निपचित लटकून राहिलेला माणूस थोड्या वेळातही दगावू शकतो, मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त पायात अडकतं. चढणाऱ्याला खाली आणणारा माणूस हजर नसेल तर चढूच नये. आमच्याकडे ते काम काकांचं होतं. ज्या खाचांना मी नावं ठेवते, त्याच खाचांवरून ते माझ्यापर्यंत पोचले असते.

फेब्रुवारी ते मे हाच बियाणं काढायचा काळ. पाऊस लागला की खोडावर शेवाळ धरतं आणि मशीन घसरतं. उतरवलेले नारळ एकेक हलवून पाहिले. ज्यांच्यात पाणी वाजलं नाही ते स्वयंपाकघरात गेले. बाकीचे पडवीत वाळूत देठ वर करून ठेवलेत, जूनला रुजत घालायचे. काकांनी तेवढ्यात माझा पट्टा घालून पाहिला. पट्टा त्यांना पटला. मशीनला मात्र ते अजून हात लावत नाहीत.