माहितीपत्रक मराठीत मिळेपर्यंत

परभणीत राहून मी गेली नऊ वर्षे एका कंपनीची घरगुती उत्पादने आणि पूरक आहाराच्या पावडरी घरोघरी विकते. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांचा मसुदा चर्चेत आला तेव्हा आमच्या गटातील बहुतेक जणी धास्तावल्या होत्या, कारण थेट विक्रीबद्दलची सरकारची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे आम्ही कधी नीट वाचलीही नव्हती आणि आता ग्राहकापुढे काय उघड करायचे हे कायद्यानेच ठरणार होते. २८ डिसेंबर २०२१ रोजी नियम अधिसूचित झाले आणि चालू कंपन्यांना पूर्ततेसाठी ९० दिवस मिळाले.

लेखी करार आणि ओळखपत्र लवकर हाती आले. जीएसटी नोंदणीने मात्र दमवले. माझी वर्षाची उलाढाल जेमतेम चार लाखांची आणि वस्तूंच्या विक्रीला सर्वसाधारणपणे ४० लाखांपर्यंत सूट असली, तरी नव्या नियमांत थेट विक्रेत्याने नोंदणी घ्यावी असे लिहिले असल्याने कंपनी तिचा आग्रह धरत होती. पत्त्याच्या पुराव्यासाठी लागणारे लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचे संमतीपत्र करावे लागले; त्यांच्या आधारवरचे आणि बिलावरचे नाव जुळेना, तेव्हा करसल्लागारांनी मला दोनदा परत पाठवले. मोठ्या वितरकाला आणि माझ्यासारखीला एकच माप लावणे मला आजही अन्यायाचे वाटते.

ग्राहकाला माहिती देण्याच्या अटींबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आधी वेळ ठरवून जायचे, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचे, किंमत आणि परतीच्या अटी स्पष्ट करायच्या, यात वावगे काय आहे? कंपनीने मान्य न केलेला दावा करता येत नाही, हे तर मी फार पूर्वीच पाळायला हवे होते. मानवतच्या एका काकूंनी विचारले, ‘‘या पावडरीनं माझी शुगर जाईल का गं?’’ मी म्हणाले, ‘‘नाही काकू, हे औषध नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.’’ त्यांनी डबा घेतला नाही.

खरी अडचण पुढेच होती. कंपनीचे माहितीपत्रक इंग्रजीत होते आणि माझ्या बहुतेक ग्राहक स्त्रिया मराठीच वाचतात. मी एका रात्रीत त्याचा मराठी मजकूर लिहून काढला; पण कंपनीने मंजूर न केलेले साहित्य ग्राहकाला देण्यास त्याच नियमांत मनाई आहे, त्यामुळे तो वाटता येईना. मी कंपनीला मजकूर पाठवून लेखी मंजुरी मागितली, तीन वेळा आठवण करून दिली आणि सात आठवड्यांनी ती मिळाली. तोवर प्रत्येकीला मी ते इंग्रजी पत्रक ओळीओळीने वाचून दाखवत असे आणि सही घेताना मन खात असे, कारण न वाचता केलेल्या सहीला माहिती दिली असे कसे म्हणायचे?

मराठी पत्रक मी पहिल्यांदा दिले ते सेलूच्या एका वहिनींना. त्यांनी चष्मा लावला, विक्रीयोग्य स्थितीतील माल परत करून पूर्ण पैसे मिळण्याच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘झाकण उघडलं, पण वापरला नाही, तर तो विक्रीयोग्य धरायचा का?’’ नऊ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिथेच, त्यांच्यासमोर, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना फोन लावला.