भाड्याचं घर मालकाचं, सामान आपलं

न्यू जर्सीत अपार्टमेंट भाड्याने घेताना लीजिंग ऑफिसमध्ये किल्ली हातात पडण्याआधी बऱ्याच ठिकाणी एक कागद मागतात: रेंटर्स इन्शुरन्सचा, म्हणजे भाडेकरूने काढायच्या विम्याचा. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या बॅगाही तेव्हा उघडलेल्या नसतात. तो फोनवर सगळ्यात स्वस्त पॉलिसी शोधतो, पीडीएफ ऑफिसला पाठवतो आणि विषय संपला असं समजतो. मला याची फार काळजी वाटते. कारण ऑफिसला त्या पॉलिसीतला एकच भाग हवा असतो, तो म्हणजे लायबिलिटीचा. तुमच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला, आगीवर पाणी फवारणारा छतातला स्प्रिंकलर सुरू झाला आणि खालच्या घरांची छतं गळायला लागली, तर ती भरपाई कोण देणार, एवढीच त्यांना चिंता. म्हणून लीजमध्ये बहुधा 1 लाख डॉलरची लायबिलिटी लिहिलेली असते. तुमचा लॅपटॉप, पलंग, कपडे, मुलांची सायकल यांच्याबद्दल तिथे अवाक्षर नसतं. मालकाचा विमा भिंती आणि छपराचा असतो. आतलं सामान तुमचं, आणि त्याचा विमा किती रकमेचा घ्यायचा हे तुम्हीच ठरवायचं.

इथल्या बऱ्याच इमारतींचा सांगाडा लाकडाचा असतो, हे आपल्याकडच्या सिमेंटच्या घरांत वाढलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. हडसन नदीकाठच्या एजवॉटरमध्ये 21 जानेवारी 2015 ला ॲव्हलॉन नावाचं मोठं संकुल पेटलं. दुरुस्तीला आलेले कामगार टॉर्चने पाइपचं काम करत होते आणि भिंतीच्या आत आग लागली. स्प्रिंकलर होते, तरी 240 घरं गेली. सुदैवाने कुणी दगावलं नाही, पण शेकडो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. त्यांच्यापैकी कुणाच्याही हातून काही चुकलं नव्हतं. अशा वेळी चांगली पॉलिसी सामानाचे पैसे देतेच, शिवाय दुसरं घर मिळेपर्यंत हॉटेलचा किंवा तात्पुरत्या भाड्याचा वाढीव खर्चही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलते. कडाक्याच्या थंडीत, लहान मूल कडेवर असताना, हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा.

चोरीचं नुकसानही या विम्यात येतं, आणि फक्त घरातल्याच चोरीचं नाही. गाडीची काच फोडून लॅपटॉपची बॅग नेली, तर तो क्लेम बहुतेक वेळा गाडीच्या विम्यात बसत नाही, रेंटर्स इन्शुरन्समध्ये बसतो. पण आपल्या घरांत खरी जोखीम सोन्याची असते. 2011 ते 2014 या काळात एका टोळीने अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांत आशियाई, विशेषतः भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून दरोडे घातले. त्यांच्याकडे सोनं असतं हे दरोडेखोरांना ठाऊक होतं. सूत्रधार बाईला 2019 मध्ये 37 वर्षांची शिक्षा झाली. आता पॉलिसीतली बारीक अक्षरं बघा: सामानाचा विमा 30,000 डॉलरचा असला, तरी दागिन्यांच्या चोरीसाठी बऱ्याच पॉलिसींमध्ये मर्यादा साधारण 1,500 डॉलरची असते. सगळे दागिने मिळून. आईने दिलेल्या पाटल्या, तोडे, मोहनमाळ, मंगळसूत्र यांतलं एक तरी त्यात बसेल का? त्यासाठी प्रत्येक दागिना नोंदवून वेगळं कव्हर घ्यावं लागतं. सोनाराची पावती किंवा इथल्या जव्हेऱ्याकडून केलेलं मूल्यांकन लागतं. माझं स्पष्ट मत आहे की रोज न वापरायचे दागिने इकडे आणूच नयेत.

पाण्याच्या बाबतीत तर माणसं हमखास फसतात. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून तुमचं घर भिजलं, तर भरपाई मिळते. तेच पाणी रस्त्यावरून आत शिरलं, तर तो पूर, आणि पूर साध्या रेंटर्स पॉलिसीत नसतो. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस इथे कोसळला. न्यूअर्कला त्या दिवशी 8 इंचांहून जास्त पाऊस झाला. न्यू यॉर्क शहरात 13 जण गेले, त्यांतले 11 बेसमेंटमधल्या घरांत. जीवापुढे सामान काहीच नाही, पण जे वाचले त्यांच्यापुढे सकाळी चिखलात लोळलेला संसार होता.

पुरासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेतून भाडेकरूलाही सामानाचा वेगळा विमा मिळतो, 1 लाख डॉलरपर्यंत. मात्र तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून धावपळ करण्यात अर्थ नाही. आणि चारही बाजूंनी जमिनीखाली असलेल्या बेसमेंटमधलं बहुतेक सामान त्यातही येत नाही. स्वस्त पडतं म्हणून बेसमेंट बघणाऱ्या मुलांना हे आधी कळायला हवं. 2024 पासून न्यू जर्सीत घर पूरक्षेत्रात आहे का, तिथे पूर्वी पाणी शिरलं होतं का, हे घरमालकाने लेखी सांगणं बंधनकारक आहे. सही करण्याआधी तो कागद मागून घ्या.

एमएसला येणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. चौघांनी मिळून घर घेतलं आणि एकानेच पॉलिसी काढली, तर बाकी तिघांच्या सामानाला सहसा काहीच संरक्षण नसतं. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर एकात चालतं, मित्रांचं चालत नाही. महिन्याला पंधरा-वीस डॉलरच्या आसपास खर्च येतो, तो प्रत्येकाने करावा. घेताना ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’, म्हणजे तशीच नवी वस्तू घ्यायला लागणारी किंमत, मिळणार आहे ना ते विचारा. नाहीतर चार वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची घसारा वजा जाता उरलेली किंमत हातात येते, आणि तेवढ्यात नवा मिळत नाही. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, फोनवर व्हिडिओ काढा आणि तो घरी पुण्याला, नाशिकला, जिथे आई-बाबा असतील तिथे पाठवून ठेवा.

तिकडे भारतात भाड्याने राहणाऱ्यांसाठीही सोय आहे. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी मिळते आणि भाडेकरू फक्त सामानापुरती ती घेऊ शकतो. पूर आणि भूकंप तिच्यात मुळातच येतात, म्हणजे इथल्यापेक्षा ती या बाबतीत उजवी. जुलै 2024 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा ठिकाणी राहणाऱ्यांनी तिची चौकशी करावीच. नेहमीची घरफोडी मात्र तिच्यात नाही. आग किंवा पूर यांसारख्या घटनेनंतर 7 दिवसांत, त्या घटनेमुळे झालेली चोरीच तेवढी येते. घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी आणि दागिन्यांसाठी वेगळं कव्हर, हे दोन्ही एजंटला नाव घेऊन विचारावं लागतं.